अंधारे हॉल, पळणारे खेळाडू आणि कॅमेरा: जाणकारांनी प्रकाश टाकावा

सायली_दादर
नमस्कार मंडळी. लेक १५ वर्षांखालच्या गटात बॅडमिंटन खेळते, त्यामुळे आमचे शनिवार-रविवार कुठल्या ना कुठल्या हॉलमध्येच जातात. कधी अंधेरी, कधी ठाणे, कधी एखाद्या शाळेचा वरच्या मजल्यावरचा हॉल. हातात कॅनॉन १५००डी आणि दोन लेन्स, जवळची १८-५५ आणि लांबची ५५-२५०. बाहेर मैदानावर फोटो छान येतात. हॉलमध्ये शिरलं की सगळं गंडतं.

ऑटोवर ठेवलं की हात आणि रॅकेट गायब, नुसते धुरकट पट्टे. शटर (उघडं राहायचा वेळ) १/२५० सेकंदाला नेलं तर ५५-२५० वर एफ/५.६ (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तर उजेड कमी) आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४०० होतं, तेव्हा कुठे फोटो जेमतेम उजळतो, आणि तोही दाणेदार. त्यात एक विचित्र प्रकार: एकापाठोपाठ काढलेल्या फोटोंत एक पांढरा, दुसरा पिवळट, तिसऱ्याचा खालचा भाग काळपट. जागा तीच, सेटिंग तेच!

नवरा म्हणतो नवा कॅमेरा घे. दुकानदार तर फुल फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या) खाली बोलायलाच तयार नाही. एवढा खर्च खरंच लागतो का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (हॉलमध्ये टाकलात तर आणखी बरं.)

अवलिया
हॉलवाल्यांनी चार ट्यूब बदलल्या की धागा बंद. तोवर वाखुसा (वाचनखूण साठवली).

मंदार_मिररलेस
दुकानदार अगदीच चुकीचं सांगत नाहीये. फुल फ्रेमचा सेन्सर क्रॉपच्या (तुमच्या कॅमेऱ्यातल्या लहान सेन्सरच्या) दुपटीहून मोठा असतो, त्यामुळे त्याच आयएसओला दाणे कमी दिसतात. शिवाय नव्या मिररलेसचा (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याचा) फोकस डोळा धरून ठेवतो. १५००डीला नऊच फोकस पॉइंट आणि सेकंदाला तीन फ्रेम. बॅडमिंटनसाठी हे कमीच आहे.

फोकसकाका
मंदारराव, बाईंनी विचारलंय खर्च लागतो का, आणि तुम्ही सुरुवातच बॉडीपासून केलीत!

सायलीताई, कॅमेरा आहे तोच राहू दे, लेन्स बदला. तुमची ५५-२५० लांब नेली की एफ/५.६ वर अडकते. ५० एफ/१.८ ही कॅनॉनच्या सगळ्यात स्वस्त लेन्सांपैकी एक. ५.६ वरून १.८ ला आलात की जवळजवळ दहापट उजेड आत येतो. दहापट! बॉडी बदलून एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) मिळेल, इथे सव्वातीन स्टॉपच्या वर मिळतात. ८५ एफ/१.८ परवडली तर आणखी उत्तम. कोर्टच्या पलीकडच्या खेळाडूला उभ्या फ्रेममध्ये ती छान धरते.

आम्ही पेपरात होतो तेव्हा चारशेची फिल्म सोळाशेला ढकलायचो. म्हणजे ती सोळाशेचीच आहे असं समजून काढायचं आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. सावल्या काळ्याकुट्ट, दाणा टपोरा. सकाळी पेपरात छापून आलं की कोणाचं लक्षही जायचं नाही. रोलमध्ये छत्तीस फ्रेम, त्यामुळे बोट दाबायच्या आधी खेळ बघायची सवय लागायची. सेकंदाला तीन फ्रेम म्हणजे आम्हाला चैन वाटली असती.

तर खेळ बघा. उडी मारलेला खेळाडू वर पोचतो तिथे क्षणभर तो वरही जात नसतो आणि खालीही येत नसतो. तो क्षण पकडलात तर १/५०० ला चेहरा खणखणीत येतो. मनगट आणि रॅकेट पुसट राहतील. राहू देत, त्यानेच फोटोत जीव येतो.

विजेचा_माणूस
पांढरा-पिवळा-काळपट या प्रकाराचं उत्तर माझ्या धंद्यातलं आहे, म्हणून लिहितो. थोडं लांबेल.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. प्रत्येक आवर्तनात दोन शिखरं, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. एक चढउतार १० मिलिसेकंदाचा. शटर १/१०० असेल तर पूर्ण चढउतार आत येतो आणि प्रत्येक फोटो सारखा निघतो. १/१००० ला तुम्ही त्यातला एकच मिलिसेकंद उचलता. नशिबाने शिखर मिळालं तर पांढरा, दरी मिळाली तर काळपट. रंग बदलतो कारण ट्यूबमधल्या वेगवेगळ्या रंगांच्या फॉस्फरची (आतल्या चमकणाऱ्या लेपाची) चमक सारख्या वेगाने विझत नाही. आणि अर्धा फोटो काळा होतो कारण वेगवान शटरला पडदे पूर्ण उघडत नाहीत. त्यांच्यामधली फट सेन्सरवरून सरकत जाते आणि ती सरकेपर्यंत दिवा मंदावलेला असतो.

सगळ्या दिव्यांचं असं होत नाही. जुन्या तांब्याच्या चोकवर चालणारी ट्यूब सगळ्यात वाईट. इलेक्ट्रॉनिक चोक २० किलोहर्ट्झच्या वर चालतो, तिथे हा त्रास जवळजवळ नसतो. एलईडीचं सगळं ड्रायव्हरवर अवलंबून. चांगला असेल तर उजेड सपाट, स्वस्तातला असेल तर ट्यूबपेक्षाही वाईट.

मोठ्या स्टेडियममध्ये हा प्रश्न कमी का, तर तिथे दिवे तीन फेजवर (विजेच्या तीन वेगवेगळ्या तारांवर) वाटून दिलेले असतात. दिंडीत तीन टाळकरी एकाआड एक टाळ वाजवत असले की मध्ये रिकामी जागा राहत नाही, तसं एका फेजचे दिवे मंदावतात तेव्हा दुसऱ्याचे चढतात. शाळेच्या हॉलमध्ये सगळे दिवे बहुधा एकाच फेजवर असतात.

आता तुमच्याच आकड्यांवरून हिशेब. एफ/५.६, १/२५०, ६४०० म्हणजे हॉलमध्ये साधारण ३०० लक्स उजेड आहे. तेवढ्या उजेडात १/१००० हवं असेल तर एफ/५.६ ला आयएसओ २५६०० लागेल. तुमचा कॅमेरा ताणूनसुद्धा १२८०० च्या पुढे जात नाही. एफ/१.८ ला तेच काम २५०० च्या आसपास होतं. काकांचं म्हणणं गणितात बसतंय.

सायली_दादर
विजेचा_माणूस, एवढं सोपं करून कोणीच सांगितलं नव्हतं. पण १/१०० ला सगळे फोटो सारखे येणार आणि लेक पुसट येणार. मग करायचं काय?

मंदार_मिररलेस
त्यासाठी अँटी-फ्लिकर नावाची सोय असते. कॅमेरा दिव्याचा ताल ओळखतो आणि शटर किंचित थांबवून नेमकं शिखरावर सोडतो. कॅनॉनने ती २०१४ मध्ये ७डी मार्क टूला दिली, नंतर मधल्या दर्जाच्या बॉडींत आली. निकॉनमध्ये फ्लिकर रिडक्शन या नावाने मिळते. बर्स्टचा (सलग फोटोंचा) वेग थोडा पडतो, पण फोटो एकसारखे येतात. १५००डी मध्ये मात्र ती नाही. म्हणून म्हणत होतो बॉडीचं!

आणि मिररलेस घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की अशा हॉलमध्ये फोटोवर आडवे पट्टे उमटतात, कारण बहुतेक सेन्सर ओळीओळीने वाचले जातात. मेकॅनिकल शटरच ठेवा. सोनी ए९ थ्री सारख्या ग्लोबल शटरच्या कॅमेऱ्यात पूर्ण सेन्सर एकदम वाचला जातो, त्यामुळे पट्टे नाहीत. पण त्या किमतीचा विषय या धाग्यावर नको.

विजेचा_माणूस
ती सोय नसली तरी मार्ग आहे. १/२५० ला चढउतारातले ४ मिलिसेकंद आत येतात, १/१००० ला १. म्हणजे १/२५० ते १/४०० च्या दरम्यान राहिलात तर फोटोफोटोतला फरक बराच कमी होतो. सर्व्हिस, दोन गुणांमधला वेळ, कोचशी बोलणं हे सगळं १/१०० ला काढा. स्मॅशला १/५०० आणि थोडे जास्त फोटो. त्यातले खराब निघतील ते टाकून द्यायचे.

व्हाइट बॅलन्स (पांढरं कशाला म्हणायचं ते कॅमेऱ्याला सांगणारं सेटिंग) ऑटोवर ठेवू नका. सामना सुरू व्हायच्या आधी कोर्टवर जाऊन पांढरा कागद धरा, १/५० किंवा १/१०० ला त्याचा फोटो काढा आणि त्यावरून कस्टम बॅलन्स लावा. हा फोटो १/१००० ला काढलात तर कागदाचाच रंग दर वेळी वेगळा येईल. व्हेंटिलेटरमधून दिवसाचा उजेड येत असेल तर दुपारनंतर पुन्हा लावा.

शटलआई
फ्लॅशबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझी दोन्ही मुलं खेळतात. आंतरराष्ट्रीय बॅडमिंटनमध्ये फ्लॅश चालत नाही आणि आपल्या जिल्हा स्पर्धांतही पंच लगेच हटकतात. फूल (शटल) बघायला मान वर केलेली असताना डोळ्यात फ्लॅश गेला तर पुढचा फटका गेलाच.

सायली, तुझा कॅमेरा हिरव्या ऑटोवर असेल तर अंधारात फ्लॅश आपोआप वर येतो, आणि फोकस मिळत नसला तरी तो लुकलुकतो. म्हणून ऑटो सोडायचंच. मेनूत जाऊन बीपही बंद कर. मॅच पॉइंटला टूंक वाजलं की सगळा हॉल वळून बघतो.

आणि फूल गोठवायच्या नादी लागू नकोस. सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा विक्रम २०२३ मध्ये ताशी ५६५ किलोमीटरचा नोंदला गेला. त्या वेगाने १/१००० सेकंदात फूल पंधरा सेंटिमीटरच्या वर सरकतं. आपल्या मुलांचं तेवढं नसेल, पण रॅकेट सोडतानाचं फूल पांढरी रेघच येणार. नेटजवळचा ड्रिबल काढ, तिथे फूल हळू असतं आणि चेहऱ्यावर सगळे भाव असतात.

कोपरारक्षक
बॅडमिंटन बाजूला ठेवून कबड्डीवर येतो. मी परळ-लालबागकडचा, खेळून झालंय, आता मंडळाचे फोटो काढतो. २०१४ ला प्रो कबड्डी वरळीच्या एनएससीआय स्टेडियमवर सुरू झाली आणि लोकांना टीव्हीच्या दिव्यांतली कबड्डी बघायची सवय लागली. तिथे उजेड टीव्हीसाठी बांधलेला असतो, चारही बाजूंनी सपाट. आमच्या पोरांना वाटतं आपलेही फोटो तसेच यावेत. हॉलमध्ये मॅट टाकली म्हणून दिवे बदलत नाहीत!

कबड्डीत खरी अडचण अशी की सगळे वाकलेले असतात. छतावरचा दिवा डोक्यावर आणि पाठीवर पडतो, चेहरा काळोखात. बॅडमिंटनवाल्यांचं बरं आहे, ते वर बघतात. आमच्याकडे चेहऱ्यावर जो काही उजेड येतो तो मॅटवरून उसळून. मॅट निळी असेल तर हनुवटी निळी. ते संगणकावर नीट करायच्या भानगडीत मी पडत नाही.

बसायचं कुठे? चढाई करणाऱ्याचा चेहरा हवा तर बचाव करणाऱ्या संघाच्या अंतिम रेषेमागे, कोपऱ्यात. पकड हवी तर बाजूला, बोनस रेषेच्या समोर. दोन्ही एका जागेवरून मिळत नाही, डाव सुरू व्हायच्या आधी ठरवा. चढाई ३० सेकंदांची. पहिले काही सेकंद तो नुसता चाचपतो, तेव्हा कार्ड भरू नका. कोपऱ्यातल्या दोघांनी हात धरून साखळी केली की बोट शटरवर. आधीच्या दोन रिकाम्या गेल्यावरची तिसरी चढाई असेल तर काहीतरी घडणारच.

फोकसकाका
कोपरारक्षक, झकास. फक्त एक, कबड्डीला मांडी घालून जमिनीवर बसा. खालून काढलं की खेळाडू उंच दिसतात आणि मागची भिंत येते, खुर्च्यांवर डबे उघडून बसलेली माणसं येत नाहीत.

कोपरारक्षक
काका, खाली बसलं की सात जणांचे पाय दिसतात आणि चढाईवाला त्यांच्या मागे हरवतो. मी स्टुलावर उभा राहतो. आपापली पद्धत.

फोकसकाका
स्टुलावरून पडू नका म्हणजे झालं. 🙂

ऋता_म
मल्लखांबाचं कोणी विचारलं नाही, तरी सांगते. शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब बघत मोठ्या झालेल्यांना हे नवीन नाही. कमी उजेडात शिकायला याहून सोयीचा खेळ नाही. दसरंग किंवा फरारे असे खांबावरचे प्रकार चालू असताना नुसतं बघा. अढी (पायांची खांबाभोवतीची पकड) घट्ट बसून मूल स्थिर झालं की १/२०० पुरतं. खांबाला एरंडेल लावलेलं असतं, त्यामुळे अंगही चमकतं. वरच्या दिव्याखाली खांद्यावर पांढरे ठिपके येतात, म्हणून फोटो किंचित गडद ठेवावा. आणि फ्लॅश म्हणजे इथे नुसता उपद्रव नाही, उलट्या लटकलेल्या मुलाच्या डोळ्यात तो गेला तर अपघातच. शिक्षक कॅमेरा काढून घेतील आणि ते बरोबरच असेल.

चाळकरी
कॅरमवाल्यांसाठी काही? आमच्या क्लबात प्रत्येक बोर्डावर एक दिवा लोंबतो, बाकी अंधार.

विजेचा_माणूस
तुमचं सगळ्यात सोपं. बोर्डावरून उसळलेला उजेड खेळणाऱ्याच्या चेहऱ्यावर खालून येतो आणि तो सुंदर असतो. कॅमेऱ्याचं उजेडाचं मीटर मात्र फसतं, काळी पार्श्वभूमी बघून ते फोटो उजळत नेतं आणि बोर्ड पांढराफटक होतो. मॅन्युअलवर जा, चेहऱ्याला बरोबर होईल तेवढं ठेवा. माणूस बसलेला असतो, १/१०० चालतं, म्हणजे फ्लिकरचा प्रश्नच मिटला.

मंदार_मिररलेस
कॅरमला शांतता लागते, तिथे इलेक्ट्रॉनिक शटर वापरायचा मोह होईल. १/१०० किंवा १/५० ला पट्टे येत नाहीत, बिनधास्त वापरा. दिव्याला डिमर असेल तर मात्र आधी दोन-तीन फोटो काढून बघा, त्याचा ताल वेगळा असू शकतो.

पाहुणा_२२
मोबाइलवर काही जमेल का? कॅमेराच नाही.

शटलआई
जमतं, हौसेपुरतं. झूम करू नकोस. बहुतेक फोनमध्ये टेलिफोटोचा सेन्सर लहान असतो आणि अंधारात फोन गुपचूप मुख्य लेन्सचाच फोटो कापून देतो. १एक्स ठेव आणि पुढे सरक. नाइट मोड बंद, तो अनेक फ्रेम एकत्र करतो, पळणाऱ्या माणसाची तीन मनगटं येतात. प्रो मोड असेल तर शटर १/२०० च्या आसपास. व्हिडिओ काढायचा तर ३०/६० ऐवजी २५ किंवा ५० फ्रेम निवड, आपल्या ५० हर्ट्झच्या दिव्यांत लुकलुक कमी होते.

सायली_दादर
सगळ्यांचे आभार. फोर्टातून ५० एफ/१.८ घेऊन आले आणि रविवारी वापरली. १/५००, एफ/२, आयएसओ १६०० ते २०००. फोटो उजळ आले हो! आता नवा प्रश्न. उजेड मिळाला, पण फोकस नेटवर जातो नाहीतर मागच्या भिंतीवर. दहातले चारच धड.

फोकसकाका
एफ/१.८ चा हा दुसरा चेहरा. तुमच्या कॅमेऱ्यावर ८५ एफ/१.८ लावून आठ मीटरवरच्या माणसाला धरलं तर जेमतेम साठ सेंटिमीटरचा पट्टा धारदार येतो. ५० ला त्याच अंतरावर बरीच जास्त मोकळीक असते. तुम्ही एफ/२ ला थांबलात ते ठीक केलंत, २.२ ला गेलात तरी चालेल.

एआय सर्व्हो (हलत्या माणसामागे फोकस फिरवत राहणारी सोय) लावा आणि फक्त मधला पॉइंट ठेवा. तुमच्या नऊ पॉइंटांत तोच एक क्रॉस प्रकारचा (उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा) आहे, अंधारात त्याचाच भरवसा. तो छातीवरच्या अक्षरांवर ठेवा, साध्या टी-शर्टवर फोकसला धरायला काही मिळत नाही. कस्टम फंक्शनमधून फोकस अंगठ्याखालच्या ताऱ्याच्या बटणावर न्या. मुलगी नेटमागे गेली की अंगठा उचला, फोकस आहे तिथेच थांबतो.

आणि नेटच्या सरळ समोर बसूच नका. लेक खेळते त्याच्या पलीकडच्या बाजूची बेसलाइन आणि साइडलाइन मिळते त्या कोपऱ्याबाहेर बसा, नेटच्या वरून चेहरा दिसतो. कोर्ट १३.४ मीटर लांब आहे, ५० ने थोडं कापावं लागेल. तुमचे २४ मेगापिक्सेल आहेत, कापा बिनधास्त.

शटलआई
यात एक भर. बॅडमिंटनच्या चांगल्या हॉलमध्ये दिवे कोर्टच्या दोन्ही बाजूंना असतात, डोक्यावर नाही, नाहीतर वर बघताना डोळे दिपतात. त्यामुळे कोपऱ्यातून काढताना एक गाल उजळ आणि एक काळोखा येतो. तुझी लेक उजव्या हाताने खेळते की डाव्या? स्मॅशला छाती ज्या बाजूला उघडते त्या बाजूचा कोपरा धर.

सायली_दादर
डावखुरी आहे. हा विचारच केला नव्हता, पुढच्या वेळी बाजू बदलून बघते. दाणे घालवायला काही?

मंदार_मिररलेस
रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये एप्रिल २०२३ पासून एआय डिनॉइज (दाणे घालवणारी सोय) आहे, आयएसओ ६४०० चा फोटोही वापरण्याजोगा करून देतं. पण जोर पूर्ण लावलात तर त्वचा प्लास्टिकची होते, अर्ध्यावर थांबा. आणि काढतानाच अंधारा काढून नंतर उजळवायचा, असं करू नका. निदान तुमच्या बॉडीत सावल्यांमधून दाणे आणि पट्टे वर येतात. आयएसओ वाढला तरी चालेल, फोटो काढतानाच उजळ हवा.

फोकसकाका
आणि रंग अगदीच हाताबाहेर गेला तर कृष्णधवल करा. फ्लिकरने पिवळा-हिरवा झालेला चांगला क्षण फेकायचं काहीच कारण नाही.

अवलिया
काकांना कृष्णधवल करायला निमित्तच हवं असतं.

ऋता_म
एक महत्त्वाचं. मुलांचे फोटो ग्रुपवर किंवा इथे टाकायच्या आधी त्यांच्या पालकांना विचारा, विशेषतः समोरच्या खेळाडूच्या. आणि कोर्टजवळ बसायचं तर आयोजकांना आणि पंचांना आधी सांगा. बरेचदा ते स्वतःच चांगली जागा दाखवतात.

चाळकरी
८५ एफ/१.८ जुनी घ्यावी म्हणतोय. फोर्टात बोरा बाजारात मिळेल ना? काय बघायचं?

फोकसकाका
मिळेल. मुंबईच्या दमट हवेत जुन्या लेन्सला सगळ्यात मोठी भीती बुरशीची. दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. थोडीशी धूळ चालते. मग स्वतःच्या बॉडीवर लावून १.८ ला दुकानातल्या एखाद्या पाटीचा फोटो काढा आणि मोठा करून अक्षरं बघा. घरी आणल्यावर सिलिका जेलसोबत बंद डब्यात, निदान जून ते सप्टेंबर. भाड्यानेही मिळते. एखाद्या स्पर्धेपुरती आणून बघा, मगच विकत घ्या.

चाळकरी
धन्यवाद काका. या रविवारीच जातो.

मंदार_मिररलेस
रविवारी नको, तिथली बरीचशी दुकानं बंद असतात. शनिवारी दुपारी जा.